तुझ्या ड्रायव्हरवर माझी सही

बेल्मिरू,
तुझा जुना संगणक मंगळवारी गेला.
खारट हवा आत शिरून शिरून
बोर्डावर हिरवं साचलं होतं, पितळी घंटेवर साचतं तसं.
तू असतास तर दात घासायच्या ब्रशने खरवडत बसला असतास.
मी नवा मागवला.
वारा नैऋत्येचा, बोटी बंद,
खोकं चार दिवस ओर्ताच्या धक्क्यावर भिजत पडलं.

नवा तसा शहाणा आहे. जरा जास्तच.
पाण्याखालच्या माइकचं कार्ड बसवलं,
तुझं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधलं
(दोन ओळी बदलाव्या लागल्या, रागावू नकोस),
लोड कर म्हटलं,
तर म्हणाला : किल्ली नाकारली.
एवढंच.
खिडकीतून कागद परत सरकवणाऱ्या कारकुनासारखं.

ग्वाल्तेर म्हणाला, सिक्युअर बूट बंद करून टाक,
एक खूण काढायची, सगळे तेच करतात.
खरं आहे.
पण पाहुणा अडला म्हणून
दाराची चौकटच उखडायची?
मार्चमध्ये बंदराच्या कचेरीत काय झालं ते तू पाहिलं नाहीस.
नऊ दिवस हाताने पावत्या फाडत होते.
कोणीतरी कर्नलच्याही आधी उठून
घरात येऊन बसलं होतं.

मग मी यंत्राचं म्हणणं नीट ऐकलं.
ते तुला वाईट म्हणत नव्हतं.
तुझा कोड चांगला की वाईट, ते वाचतच नाही.
ते फक्त विचारत होतं :
याला ओळखणारं कोण आहे इथे?

तुझे वडील आठवले,
कड्यावरच्या दगडी खोपटात दुर्बीण लावून बसलेले.
त्यांनी रॉकेट उडवलं की
लाजेशचे पुरुष जेवणावरून उठून होड्या लोटायचे.
देवमासा कुणी पाहिलेला नसायचा.
रॉकेट कुणाचं, तेवढं ठाऊक असायचं.

दोन किल्ल्या बनवल्या, जुळ्या :
एक गावाला सांगायची, एक पोटात ठेवायची.
नावाच्या रकान्यात आधी तुझं नाव टाइप केलं.
पुसलं.
गेलेल्या माणसाला जामीन राहता येत नाही.
देओलिंदा फुर्तादु, लिहिलं,
आणि तुझ्या तेराशे ओळींखाली सही केली,
ज्यातल्या तीनशे मला आजही कळत नाहीत.

मग रीबूट. निळा पडदा.
दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबा.
मी किटली उतरवायला गेले होते.
संधी गेली, पुन्हा अर्ज.
दुसऱ्यांदा पासवर्ड चुकला, चुकला, चुकला.
त्यात आपला शेपटीवाला 'से' होता,
आणि त्या पहाटेच्या खोलीत, बूट पुरतं व्हायच्या आत,
कीबोर्ड अमेरिकन असतो.
आपलं अक्षर तिथे जन्मलेलंच नसतं.
तिसऱ्यांदा नुसते आकडे : तुझ्या होडीच्या फळीवरचे.
विचारलं, ही किल्ली नोंदवायची?
हो.

आता लोड झालं.
लॉगमध्ये एक ओळ मात्र उमटली :
बाहेरचं मॉड्यूल, कर्नल डागाळला.
बघ. घरात घेतलं,
पण शिवाशिव लिहून ठेवली.
तू टेबलावर थाप मारून हसला असतास.

पोटातली किल्ली पेनड्राइव्हवर घालून
ट्यूनाच्या रिकाम्या डब्यात ठेवली आहे.
कर्नल बदलला की पुन्हा सही.
माझ्यानंतर कोण, ते ठरलेलं नाही.
ग्वाल्तेरला डबा दाखवला. तो म्हणाला, वास येतो.

पावणेचारला पहिली टकटक आली,
खोलातून, सुतार ठोकतो तशी.
तू जिला एक ठोका गाळणारी म्हणायचास,
ती असेल असं वाटलं.
खुर्ची जवळ ओढली.
अजून सांगता येत नाही.